२००५ नंतर सरकारी नोकरीत लागलात? मग पेन्शनची ही कामं आत्तापासून करून ठेवा

ऑफिसात नवीन रुजू झालेली मंडळी पहिला पगार व्हायच्या आधीच विचारतात, "सर, आपल्याला पेन्शन आहे का?" आणि पाठोपाठ, "आज जी सांगतायत ती आपण रिटायर होईपर्यंत टिकेल का?" दुसऱ्या प्रश्नावर चहाच्या टपरीवर कितीही वेळ जातो. कोण निवडून येणार, कोण काय आश्वासन देणार, सगळं होतं. चहा संपला की सेवापुस्तक, म्हणजे आपल्या नोकरीच्या नोंदींचं पुस्तक, कुठल्या कपाटात आहे हे मात्र कुणालाच सांगता येत नाही.

मी पुण्यात राज्य शासनाच्या एका कार्यालयात आहे, २००५ नंतर लागलेल्यांपैकीच. बरीच वर्षं आस्थापना शाखेत, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या नोंदी सांभाळणाऱ्या शाखेत, गेली, त्यामुळे स्वतःबरोबर इतरांचीही प्रकरणं हातून गेली. धोरण बदललं म्हणून पेन्शन अडलेला माणूस मी क्वचित पाहिला. नोंद नाही, सही नाही, नाव जुळत नाही म्हणून अडलेले ढिगाने पाहिले. धोरण तुमच्या हातात नाही, नोंदी बऱ्याच अंशी आहेत. हा लेख त्या नोंदींबद्दल आहे.

राज्य शासनाचे कर्मचारी डोळ्यांपुढे ठेवून लिहिलं आहे. जिल्हा परिषद आणि शाळांतल्या मंडळींना बराचसा भाग तसाच लागू होतो. केंद्राच्या कार्यालयांत असाल तर नियम वेगळे, पण सवयी याच ठेवा.

१. तुम्ही कुठल्या गटात ते आधी पक्कं करा

महाराष्ट्रात सीमारेषा आहे १ नोव्हेंबर २००५. त्याआधी नियुक्त झालेल्यांना १९८२ च्या निवृत्तिवेतन नियमांप्रमाणे जुनी पेन्शन. त्या तारखेला किंवा नंतर लागलेल्यांना आधी परिभाषित अंशदान योजना, म्हणजे डीसीपीएस, आणि १ एप्रिल २०१५ पासून राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजना, म्हणजे एनपीएस. केंद्रात हीच रेषा १ जानेवारी २००४ ची.

मधे एक छोटा गट आहे. जाहिरात १ नोव्हेंबर २००५ च्या आधीची, पण रुजू नंतर झालेले. २ फेब्रुवारी २०२४ च्या शासन निर्णयाने त्यांना जुनी पेन्शन निवडायची संधी मिळाली. तेव्हा ज्यांनी वीस वर्षांपूर्वीच्या जाहिरातीचं कात्रण जपून ठेवलं होतं त्यांचं काम सोपं झालं, बाकीचे जुन्या फाईली उपसत बसले. म्हणून तुमच्या भरतीची जाहिरात, निवड यादी, नियुक्ती आदेश आणि रुजू अहवाल हे चार कागद जन्मभर ठेवायचे. उद्या कुठली तारीख महत्त्वाची ठरेल हे आज कुणी सांगू शकत नाही.

२. 'टिकेल का' या प्रश्नाचं सरळ उत्तर

जुन्या पेन्शनमागे वेगळा निधी नसतो. आज निवृत्त असलेल्यांची पेन्शन आजच्या अर्थसंकल्पातून जाते. तरीही ती भक्कम का? कारण तिच्यामागे कायदा आहे. पेन्शन ही शासनाची मेहेरबानी नसून कर्मचाऱ्याचा हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये देवकीनंदन प्रसाद खटल्यात आणि १७ डिसेंबर १९८२ रोजी नकारा खटल्यात सांगितलं. १७ डिसेंबर हा पेन्शनर दिन म्हणून पाळतात तो त्यामुळेच.

पण २००५ मध्ये काय झालं ते नीट पाहा. आधीच्यांचं काही काढलं नाही, पुढे येणाऱ्यांच्या अटी बदलल्या. पेन्शनमधले बदल बहुतेक असेच होतात. त्यामुळे तुम्ही कुठल्या तारखेला, कुठल्या अटीवर आत आलात याचा पुरावा हेच तुमचं कवच.

एनपीएसचं उलट आहे. तिथे पैसा तुमच्या नावावर साठतो. २०१३ च्या कायद्याने नेमलेलं प्राधिकरण, म्हणजे पीएफआरडीए, त्यावर लक्ष ठेवतं आणि निधी एनपीएस ट्रस्टकडे असतो. राज्य सरकारचा हात तिथे पोचत नाही. राजस्थान, छत्तीसगड वगैरे राज्यांनी जुनी पेन्शन परत आणल्यावर साठलेला पैसा परत मागितला, तेव्हा कायद्यात तशी तरतूदच नाही असं उत्तर त्यांना मिळालं. म्हणजे पैसा बुडण्याची भीती कमी. भीती वेगळीच आहे. निवृत्तीच्या वेळी किमान ४० टक्के रकमेची वार्षिकी, म्हणजे विमा कंपनीकडून दरमहा मिळणारी पेन्शन, घ्यावी लागते, आणि नेहमीच्या वार्षिकीत पहिल्या महिन्याला जे मिळतं तेच विसाव्या वर्षीही मिळतं. महागाई भत्ता नाही. अठ्ठावन्नाव्या वर्षी पुरेशी वाटणारी रक्कम अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी औषधांनाही पुरणार नाही. बाजार पडेल या धास्तीपेक्षा मला ही गोष्ट जास्त गंभीर वाटते.

राज्य कर्मचाऱ्यांचा मार्च २०२३ चा संप याच मुद्द्यावर झाला. त्यानंतर नेमलेल्या समितीचा अहवाल आला, १ मार्च २०२४ ला विधिमंडळात सुधारित योजनेची घोषणा झाली, आणि २५ ऑगस्ट २०२४ ला राज्य मंत्रिमंडळाने केंद्राची एकीकृत पेन्शन योजना, म्हणजे यूपीएस, स्वीकारायचं ठरवलं. केंद्राने ती आदल्याच दिवशी जाहीर केली होती.

३. विकल्प देण्याआधी वही-पेन घेऊन बसा

विकल्प म्हणजे एनपीएसमध्ये राहायचं की यूपीएसमध्ये जायचं याची लेखी निवड. "सगळे हाच भरतायत" म्हणून तो भरू नका. तुमची नोकरीची वर्षं वेगळी, त्यांची वेगळी.

केंद्राच्या यूपीएसचं गणित असं आहे. २५ वर्षं सेवा झाली असेल तर शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या ५० टक्के पेन्शन, वर महागाईवाढ. त्याहून कमी सेवेला त्या प्रमाणात. दहा वर्षं सेवा असेल तर दरमहा किमान १०,००० रुपये. पेन्शनरच्या पश्चात जोडीदाराला ६० टक्के.

समजा सरासरी मूळ वेतन ६०,००० आहे. २५ वर्षं भरली तर ३०,००० आणि त्यावर महागाईवाढ, जोडीदाराला १८,०००. सेवा २० वर्षंच झाली तर २४,०००.

आता आपल्याकडची गोम. महाराष्ट्रात निवृत्ती ५८ व्या वर्षी (गट ड मध्ये ६०). स्पर्धा परीक्षा देता देता पस्तिशीत नोकरी लागलेले पुण्यात काय थोडे आहेत? खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ पर्यंत वयोमर्यादा आहे. ३६ व्या वर्षी लागलेल्याची सेवा २२ वर्षं होते, २५ नाही. म्हणून विकल्पाच्या शासन निर्णयात सेवेच्या वर्षांची अट काय लिहिली आहे ते आधी बघा आणि मगच टक्केवारीकडे जा.

दुसरी गोष्ट, निश्चित पेन्शन पूर्ण आणि साठलेला निधीही पूर्ण, असं दोन्ही हातात पडत नाही. यूपीएसमध्ये तुमचा निधी पेन्शनसाठी सामायिक निधीत जातो. त्यातली रक्कम एकरकमी उचललीत तर पेन्शन त्या प्रमाणात कमी होते. ऑफिसातल्या चर्चेत हा भाग गाळला जातो.

विकल्प दिलात की त्याची पोच घ्या आणि सेवापुस्तकात नोंद झालेली डोळ्यांनी पाहा. नुसता कागद टपालात टाकून आलात तर तो दिलाच नाही असं समजा.

४. प्राण क्रमांक घ्या, पण एकच

प्राण म्हणजे तुमच्या एनपीएस खात्याचा क्रमांक. रुजू झाल्यावर तो पगाराची बिलं काढणाऱ्या आहरण व संवितरण अधिकाऱ्यामार्फत, म्हणजे डीडीओमार्फत, काढायचा. हा बारा अंकी क्रमांक आयुष्यभर तोच राहतो. पॅन, आधार, रद्द केलेला धनादेश, फोटो आणि नियुक्ती आदेश एवढ्यात काम होतं.

आधी खाजगी नोकरीत किंवा बँकेमार्फत एनपीएस खातं उघडलं असेल तर ते लपवू नका आणि नवीनही काढू नका. तोच प्राण शासकीय क्षेत्राकडे वळवून घ्या. दोन प्राण झाले की एकावर पैसे जातात, दुसऱ्यावर तुम्ही बघत बसता.

क्रमांक आला की लगेच कर्मचारी लॉगिन सुरू करा. मोबाईल आणि ईमेल स्वतःचाच द्या. ऑफिसचा ईमेल देऊ नका, बिल क्लार्कचा मोबाईल तर अजिबात नको. हसू नका, असे नंबर टाकलेले मी पाहिले आहेत.

५. सेवापुस्तक: इथे वेळ घालवा

पेन्शन कुठलीही असो, तुम्ही नक्की किती वर्षं नोकरी केली हे सेवापुस्तक ठरवतं. कडा फाटलेलं, चिकटपट्टी लावलेलं ते लांबट पुस्तक वर्षातून एकदा मागून घ्या. बघण्याचा हक्क तुमचा आहे, नोंदी पाहिल्याची सही त्यात तुमच्याकडूनच घ्यायची असते. ती सही पानं न उलटता करू नका.

काय बघायचं:

पहिलं पान. नाव, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, दोन्ही सारखी आहे ना? दहावीच्या दाखल्याशी ताडून बघा. जन्मतारीख दुरुस्तीला नोकरी लागल्यापासून पाच वर्षांची मुदत असते, नंतर डोकं आपटूनही उपयोग नाही.

सेवा पडताळणीचा शेरा. "दि. १.४.२०२१ ते ३१.३.२०२२ या कालावधीची सेवा वेतन देयकावरून पडताळली" अशा धाटणीची ओळ, खाली कार्यालयप्रमुखाची सही आणि शिक्का. हा शेरा दरवर्षी हवा. एक वर्ष सुटलं तरी निवृत्तीच्या वेळी त्या वर्षीची देयकं शोधत जुन्या कार्यालयात जावं लागतं, आणि जुनं कार्यालय तोवर दुसऱ्या इमारतीत गेलेलं असतं. माझ्या ओळखीच्या एका बाईंची फाईल अशाच अकरा महिन्यांच्या रिकाम्या जागेसाठी अडून राहिली. त्या काळात त्या नोकरीवर होत्या, पगार घेत होत्या, हजेरीपटावर सह्याही होत्या. फक्त ती ओळ कुणी लिहिली नव्हती.

रुजू होतानाच्या नोंदी. वैद्यकीय तपासणी, चारित्र्य पडताळणी, जातवैधता, मराठी-हिंदी भाषा परीक्षा उत्तीर्ण किंवा सूट, एमएस-सीआयटी, परिविक्षा समाप्ती, स्थायित्व. यातलं एमएस-सीआयटी क्षुल्लक वाटतं, पण मुदतीत उत्तीर्ण झाल्याची नोंद नसली की वेतनवाढींची वसुली निघते.

रजा. बिनपगारी रजेची नोंद कारणासकट आणि आदेश क्रमांकासकट असू द्या. ज्या महिन्यात पगार नाही त्या महिन्यात एनपीएसचं अंशदानही नाही, हे लक्षात ठेवा. निलंबन झालं असेल तर तो काळ कसा धरायचा याचा अंतिम आदेश पुस्तकात आलाच पाहिजे.

वेतननिश्चिती. वेतन आयोग, पदोन्नती, आश्वासित प्रगती योजनेचा १०-२०-३० वर्षांचा लाभ, या प्रत्येक वेळी वेतन बदलतं आणि चूक होऊ शकते. पुण्यात वेतन पडताळणी पथकाकडून पुस्तकावर शिक्का मारून घ्यायचा असतो. लेखा कोष भवन जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आवारातच आहे, तेव्हा पुण्यातल्यांना लांबचं कारण सांगता येत नाही. पडताळणी वेळेत करून घेतली तर चूक लहान असताना सापडते. निवृत्तीच्या तोंडावर सापडली तर उपदानातून, म्हणजे ग्रॅच्युइटीतून, वसुली काढतात. गट क आणि ड मधल्यांकडून, तसंच निवृत्तीला वर्षाच्या आत आलेल्यांकडून अशी जादा दिलेली रक्कम वसूल करू नये असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये रफिक मसीह खटल्यात सांगितलं आहे. पण तो निकाल दाखवून भांडण्याची वेळच येऊ न देणं बरं.

आणि प्रत काढा. दुय्यम सेवापुस्तक मागा, नाहीतर प्रत्येक पानाचा मोबाईलवर फोटो घ्या. पूर, आग, वाळवी, स्थलांतर, मूळ पुस्तक गायब व्हायला काहीही पुरतं.

६. वारस नोंद: लग्नानंतर पहिलं काम

लग्नाआधी आईचं किंवा भावाचं नाव टाकलेलं असतं. एनपीएसमध्ये कुटुंब झाल्यावर ते आधीचं नामनिर्देशन अवैध ठरतं, नव्याने करावं लागतं. जास्तीत जास्त तीन नावं देता येतात, टक्केवारी मिळून शंभर भरली पाहिजे.

नामनिर्देशन एका ठिकाणी केलं की सगळीकडे झालं असं नाही. प्राण खातं वेगळं, उपदान वेगळं, गट विमा योजना वेगळी, पगाराचं बँक खातं वेगळं. चारही ठिकाणी बघा.

३१ मार्च २०२३ च्या शासन निर्णयाने एनपीएसमधल्या कर्मचाऱ्यांनाही मृत्यू-नि-सेवा उपदान, आणि सेवेत मृत्यू आल्यास कुटुंबनिवृत्तिवेतन मिळण्याची सोय झाली. त्यासाठी विकल्पाचा नमुना असतो. तो भरून सेवापुस्तकाला लावलाय का, हे आस्थापनेला विचारा. घरात वाईट घडल्यावर हा कागद शोधायची पाळी बायकोवर किंवा म्हाताऱ्या वडिलांवर येते.

लग्नानंतर आडनाव बदललेल्या भगिनींनी एक ठरवून टाका: जुनं नाव ठेवायचं तर सगळीकडे जुनं, नवं तर राजपत्रात प्रसिद्ध करून सगळीकडे नवं. सेवापुस्तकात माहेरचं, आधारवर सासरचं आणि पॅनवर मधलं नावच नाही, असा त्रिकोण सोडवताना निवृत्तीनंतरचे महिने जातात.

७. बदली झाली किंवा दुसरी नोकरी लागली तर

बदलीत सांभाळायच्या गोष्टी दोन. अंतिम वेतन प्रमाणपत्रात प्राण क्रमांक आणि शेवटची अंशदान कपात लिहिलेली असावी, आणि नव्या डीडीओकडे प्राण जोडला गेला असावा. साताऱ्याहून पुण्यात आलेल्या एका सहकाऱ्याच्या पगारातून कपात नियमित होत होती, पण खात्यात काहीच येत नव्हतं. पगारपत्रक बघून तो निर्धास्त होता.

दुसरी नोकरी हा जास्त नाजूक भाग. क्लार्क असताना एमपीएससी पास होऊन वरचं पद मिळालं की आनंदाच्या भरात साधा राजीनामा देऊन मोकळे होतात. तसं करू नका. परीक्षेचा अर्ज कार्यालयाच्या परवानगीने भरा, आणि राजीनाम्यात नव्या शासकीय पदावर रुजू होण्यासाठी देत असल्याचं स्पष्ट लिहा. कार्यमुक्तीच्या आदेशातही तोच उल्लेख हवा. साध्या राजीनाम्याने मागची सेवा जाते. निकालाचे पेढे वाटायच्या आधी हा मसुदा आस्थापनेतल्या जाणत्या माणसाला दाखवा.

८. एप्रिलमधली तासाभराची तपासणी

आयकरासाठी कागद काढताच, त्याच बैठकीत हे उरका. एनपीएसच्या लॉगिनमधून वर्षाचं व्यवहार विवरण काढा आणि बारा पगारपत्रकं शेजारी ठेवा. दर महिन्याला दोन रकमा दिसायला हव्यात: तुमचे मूळ वेतन अधिक महागाई भत्त्याच्या १० टक्के आणि शासनाचे १४ टक्के (१ एप्रिल २०१९ पासून). मूळ वेतन ४०,००० आणि महागाई भत्ता समजा ५० टक्के, तर तुमचे ६,००० आणि शासनाचे ८,४००. यूपीएस निवडली असेल तर शासनाचा वाटा त्या योजनेप्रमाणे ताडा.

एखादा महिना गायब असेल तर महिना, देयक क्रमांक आणि रक्कम लिहून डीडीओकडे लेखी अर्ज करा. २०१५ च्या आधी लागलेल्यांनी डीसीपीएसच्या काळातली रक्कम व्याजासह एनपीएस खात्यात आली का हेही बघा. जुन्या हिशोबाच्या पावत्या टाकून देऊ नका.

९. निवृत्तीला दोन वर्षं राहिली की

प्रकरणाची तयारी दोन वर्षं आधी सुरू करायची आणि किमान सहा महिने आधी ते कार्यालयातून पुढे गेलं पाहिजे. पुण्याची प्रकरणं मुंबईच्या महालेखापालांकडे जातात, मंजुरीनंतर पैसे पुणे कोषागारातून. एनपीएसवाल्यांचा निर्गमन दावा, म्हणजे खात्यातले पैसे काढण्याचा अर्ज, मात्र ऑनलाइन भरून डीडीओ आणि कोषागारामार्फत जातो.

जवळ ठेवायचे कागद: पती-पत्नीचा संयुक्त फोटो, दोघांचं पॅन आणि आधार, कुटुंबाच्या जन्मतारखांचा तपशील, बँक पासबुक, ना-मागणी आणि ना-चौकशी प्रमाणपत्र, शासकीय निवासस्थान सोडल्याचा दाखला, आणि सेवापुस्तकाची तुमची प्रत. संयुक्त बचत खातं आधीच उघडा. नावातलं स्पेलिंग सगळीकडे एकच.

पेन्शन सुरू झाल्यावर दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला द्यावा लागतो, बँकेत सही करून किंवा 'जीवन प्रमाण' या ऑनलाइन सोयीद्वारे. "दाखला अपडेट करतो, ओटीपी सांगा" असा फोन आला तर ठेवून द्या. कोषागार असा फोन करत नाही.

१०. अडलं तर

तोंडी विचारणा हवेत विरते, म्हणून पहिल्या दिवसापासून लेखी. अर्ज आवक शाखेत द्या, आपल्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. एनपीएस खात्याची तक्रार असेल तर लॉगिनमधूनच नोंदवता येते, तिला टोकन क्रमांक मिळतो. जिल्हा परिषदांमध्ये पेन्शन अदालत भरते, तिथे अडकलेली फाईल संबंधितांसमोर मांडता येते. फाईल कुणाच्या टेबलावर आहे एवढंच कळायला हवं असेल तर माहिती अधिकाराचा दहा रुपयांचा अर्ज पुरतो.

हे सगळं थकलं तर महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, म्हणजे मॅट. पुणेकरांसाठी मुंबईचं. अंतिम आदेश मिळाल्यापासून एक वर्षात तिथे जावं लागतं. तुमच्या अर्जाला उत्तरच आलं नाही तर सहा महिने थांबायचं आणि त्यापुढे एक वर्षाची मुदत मोजायची. मोजणी तुमच्या त्या पहिल्या अर्जावरच्या आवक शिक्क्यापासून सुरू होते.